होळी ते पाडवा, २०२०: तुमच्या हातांनी काय केलं?

एकच अट आहे. मतं नकोत. कोण चुकलं, कुणी काय करायला हवं होतं, हे आपण गेली काही वर्षं पोटभर बोललोय. मला हवंय ते कोरोनाच्या अगदी सुरुवातीचं, ९ मार्च २०२० पासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचं, जेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं. काय विकत घेतलंत, काय धुतलंत, कुणाला दार उघडलंत आणि कुणाला नाही, एवढंच लिहा.

माझ्यापासून सुरू करते. पुणे, कोथरूड. ९ मार्चला सोमवार होता आणि होळी. खाली गोवऱ्या रचून झाल्या होत्या, माझं पुरण गॅसवर होतं. त्या रात्री बातमी आली: दुबईहून आलेले दोघं पॉझिटिव्ह, नायडू हॉस्पिटलमध्ये. राज्यातले पहिले. नायडू आमच्यापासून चांगलं लांब, नदीपलीकडे, स्टेशनच्या बाजूला. तरी नैवेद्य घेऊन खाली गेलेल्या सासूबाईंना मी गॅलरीतून हाका मारून वर बोलवत होते. त्या प्रदक्षिणा पूर्ण करूनच आल्या. दुसऱ्या दिवशी मी पाच किलो तूरडाळ आणि चार किलो साबुदाणा आणला. घरात उपास करणाऱ्या एकट्या सासूबाई! मे महिन्यात त्या साबुदाण्याच्या चिकवड्या घातल्या, त्या पुढच्या वर्षीपर्यंत पुरल्या.

आता तुम्ही.

सिंगापूर, माहेर साताऱ्याचं

आमच्याकडे हे एक महिना आधी झालं. ७ फेब्रुवारीला, शुक्रवारी, इथल्या सरकारने धोक्याची पातळी नारिंगी केली आणि त्याच संध्याकाळी सुपरमार्केटमधला तांदूळ, नूडल्स आणि टॉयलेट पेपर गायब. टॉयलेट पेपर कशाला, हे मला आजही समजलेलं नाही. मी ऑफिसातून थेट गेले तेव्हा तांदळाच्या फळीवर फाटलेल्या पिशवीतले दाणे तेवढे उरले होते. शेजारच्या चिनी आजींनी त्यांच्या पाच किलोंतला दीड किलो मला डब्यात घालून दिला.

घरी फोन केला की बाबा हसायचे. "तिकडं चीन जवळ आहे, इकडं उन्हाळ्यात काय टिकणार नाही." मी म्हणत होते, आईची बीपीची गोळी दोन महिन्यांची आणून ठेवा. नाही आणली. २४ मार्चला रात्री आठला एकवीस दिवसांची घोषणा झाली तेव्हा पहिला फोन बाबांचा. "ती गोळी कुठली म्हणालीस?"

नागपूर, किराणा दुकान

खरं सांगतो, नाव न घेता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तीन रुपयांचा मास्क वीसला विकला. लोक मागत होते, माल येत नव्हता, शेजारचा पंचवीसला देत होता. २१ तारखेला केंद्राने भाव बांधून दिले, साधा मास्क आठ रुपये, तीन पदरी दहा, सॅनिटायझरची २०० मिलीची बाटली शंभर. त्या दिवशी मी उरलेले मास्क आठने दिले. पण आधीचे वीसवाले सगळे ओळखीचेच होते ना. आजही त्यातला एक गिऱ्हाईक सामान घेताना "पहा हो, भाव बरोबर लावा" म्हणतो. हसत म्हणतो, पण म्हणतो.

मग गोल आखले. चुन्याने नाही, मुलीच्या रांगोळीने. प्रत्येक गोलात एक माणूस. पण माणसं गोलात चपला ठेवून सावलीत जाऊन गप्पा मारायची. काय गेलं जास्त? आधी पीठ आणि तेल. मग मॅगी. मग आठवड्याने मैदा, बेकिंग पावडर, आणि पत्ते. पत्त्यांचे कॅट माझ्याकडे गेल्या दिवाळीपासून पडून होते, तीन दिवसांत संपले.

उधारीची वही मात्र बंद केली नाही. कारण चांगुलपणाच नाही. वही बंद केली असती तर मागची उधारी पण बुडाली असती.

संगमनेर

आम्ही कोंबडीवाले. तुमचा मार्च, आमचा फेब्रुवारीच. चिकन खाल्ल्याने होतो असा एक मेसेज फिरला आणि भाव जो पडला, खाद्य परवडेना. मी शेवटी पक्षी गावात वाटले. फुकट दिले तरी निम्म्या लोकांनी घेतले नाहीत. बास, एवढंच. अजून राग येतो.

औरंगाबाद, तेव्हा दहावी

आमचा भूगोल राहिला. २३ मार्चला, सोमवारी, शेवटचा पेपर होता. शनिवारी कळलं की पुढे ढकलला. सगळ्यांना वाटतं आम्ही नाचलो. नाचलोच, पण संध्याकाळपर्यंत. मग आई म्हणाली, "पुढे ढकललाय, रद्द नाही झाला. बस."

आमच्या पुस्तकात भारत आणि ब्राझीलची तुलना होती. तीन आठवडे मी घरात बसून ब्राझील केला. अ‍ॅमेझॉनचं खोरं, उच्चभूमी, अजस्र कडा, कॉफी कुठे होते. स्टेन्सिलने इतके नकाशे काढले की ब्राझील मी अजून डोळे मिटून काढू शकते. आजूबाजूला पोलीस गाड्या फिरत होत्या, बाबांचा पगार अर्धा येणार की नाही यावर रात्री कुजबुज चालायची, आणि मी "अवर्षण चतुष्कोन" पाठ करत होते.

१२ एप्रिलला पेपर रद्द. इतर विषयांच्या सरासरीने मार्क. माझ्या मार्कशीटवर तो आकडा आहे, पण तो माझा नाही. मला वाटतं मला जास्त पडले असते.

हिंगोली जिल्हा

पाडव्यानंतर एक-दोन दिवसांनी असेल. रात्री एकला मावशीचा फोन. कुठंतरी बाळ जन्मलं, जन्मताच बोललं, "गूळ घालून कोरा चहा प्या, कोरोना होणार नाही," आणि लगेच वारलं. आईनं चूल पेटवली. मी बी.एस्सी. करत होतो, रसायनशास्त्र. मी पण प्यालो. अख्ख्या गल्लीत दिवे लागले होते, दारोदारी कपबशा वाजत होत्या. सकाळी कुणी कुणाला विचारलं नाही.

डोंबिवली, परिचारिका

थाळ्यांबद्दल कुणीतरी लिहीलच म्हणून आधी मीच लिहिते. २२ मार्च, रविवार, संध्याकाळचे पाच. मी ड्यूटीवरून येऊन झोपले होते. अख्खी बिल्डिंग दणाणली, मुलगी मला उठवायला आली: "आई, तुझ्यासाठी वाजवतायत." तिला खूप भारी वाटत होतं. मला वाटलं, अर्धा तास अजून मिळाला असता.

त्याच मध्यरात्री लोकल बंद झाल्या. मी अठरा वर्षं डोंबिवलीहून मुंबईला जाते, लोकल बंद म्हणजे काय हे २००५ च्या पुरात पाहिलं होतं, पण तेव्हा पाणी दिसत होतं. आमच्यासाठी एसटीच्या गाड्या सोडल्या. ओळखपत्र दाखवायचं, चढायचं. पहिल्या दिवशी दीड तास गाडीची वाट पाहिली, आणि गाडीत आम्ही तशाच खेटून उभ्या, नर्स, वॉर्डबॉय, पालिकेचे सफाई कामगार, एक बँकेतले गृहस्थ. अंतर ठेवा असं सांगायला निघालेली माणसंच चिकटून उभी.

वॉर्डात सुरुवातीला पूर्ण किट सगळ्यांना पुरत नव्हते. एका बहिणीने, म्हणजे सहकारी सिस्टरने, नवऱ्याचा पावसाळी रेनकोट आणला. आम्ही हसलो, आठवड्याने तिघीजणी आणत होत्या. मार्चच्या उकाड्यात रेनकोट! घामाने आतून पाणी वाहायचं.

घरी येताना जिन्यात चपला, पिशवी, सगळं बाहेर. मुलगी बाथरूमचं दार उघडून, नळ सोडून, आत पळायची. हाताने दार उघडायचं नाही ही तिचीच युक्ती. समोरच्या वहिनी, ज्यांच्याकडे ती शाळेतून येऊन जेवायची, त्यांनी एके दिवशी दारातून सांगितलं, "काही दिवस नको." त्यांच्या घरी म्हातारे सासरे, दम्याचे. मी समजले. मुलीला समजायला वेळ लागला. पुढे त्या भाजी दाराच्या कडीला अडकवून जायच्या, बेल न वाजवता.

(मीच परत. समोरच्या वहिनींच्या जागी मीही होते, आमच्या मजल्यावर. मी भाजी अडकवली नव्हती. पुढे चला.)

अंधेरी

१८ मार्चला दुबईहून उतरलो. विमानतळावर डाव्या हातावर शिक्का मारला, मतदानाच्या शाईचा. मुंबईकरांचं रक्षण करत असल्याचा अभिमान आहे असं इंग्रजीत, खाली तारीख. टॅक्सीवाल्याने हात पाहिला आणि काच खाली केली, बोलला काही नाही. मी भर उन्हात बाही खाली ओढून बसलो. चोरी केल्यासारखं. बायकोने ताट दाराबाहेर ठेवायचं, मी घ्यायचं, ताट मीच घासायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, घरातली घासणी कुठे असते हे तेव्हा कळलं.

कणकवली तालुका

माझे मिस्टर तेव्हा पोलीसपाटील. शिमग्याला आलेले चाकरमानी पालखी नाचवून परत मुंबईला गेले, आणि आठवड्याभरात पुन्हा येऊ लागले. रेल्वेने, मिळेल त्या गाडीने. इकडे वाडीत बैठक झाली. बाहेरून येईल त्याला चौदा दिवस शाळेत ठेवायचं, घरी न्यायचं नाही. ठराव मिस्टरांनीच वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. रस्त्यावर आंब्याची तोडलेली फांदी आणि चिरे लावले.

२२ ला सकाळी पहिला आला तो आमचाच माणूस. धाकटे भावोजी, परळहून. बॅग घेऊन चिऱ्यांच्या पलीकडे उभे. "वयनी, माका काय्येक झाला नाय." शाळेची किल्ली मुख्याध्यापकांकडे, ते सावंतवाडीला. मग कुठे ठेवायचं? मिस्टर म्हणाले, गोठ्यात. गाय आम्ही गेल्याच वर्षी विकली होती, गोठा रिकामा होता, शेणाने सारवलेला.

सासूबाईंनी अंगणात बसकण मारली. "माझो झील गोठ्यात निजतलो?" दोन दिवस त्या मिस्टरांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभारली, आणि त्या स्वतःच केळीच्या पानावर जेवण वाढून गोठ्याच्या मेरेवर ठेवून आल्या. येऊन मला सांगायला लागल्या, त्यांच्या आजेसासूच्या वेळची गोष्ट. प्लेगाच्या साथीत घरात उंदीर पडला की माणसं भांडीकुंडी घेऊन मळ्यात मांडव घालून राहायची. तेव्हा घर सोडून बाहेर जायचं, आता बाहेरून येऊन घरात बसायचं, यातलं खरं कुठलं, असं त्यांनी विचारलं. (त्या १३ मार्चला राज्यात जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ चा, त्या प्लेगमधलाच, हे मला नंतर मुलाने सांगितलं.)

भावोजींना काही झालं नाही. चौदा दिवसांनी आंघोळ करून घरात आले. पण अजून कधी भांडण झालं की म्हणतात, "गोठ्यात ठेवलंत." ठराव वाचणारे त्यांचेच भाऊ होते हे आम्ही सांगतो. त्याने काही फरक पडत नाही.

तासगाव

द्राक्ष थांबत नाही. टीव्हीवर काही का सांगेनात, साखर उतरली की उतरली. माझा निम्मा बाग मार्चच्या मध्याला व्यापाऱ्याला ठरला होता. संचारबंदी लागल्यावर त्याचा फोन बंद. घड वेलीवर, भाव रोज खाली.

आमच्यात एक बरं असतं, बेदाणा. नाही खपलं तर वाळवा. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरायचे, बारा-पंधरा दिवस वारा. मग रंगासाठी गंधकाची धुरी. चार किलोचा साधारण एक किलो होतो. पण त्या वर्षी हाच विचार सगळ्यांनी केला. शेड मिळेना. डिपिंग ऑइल मिळेना. बायका मजुरीला यायच्या त्यांना पोलीस रस्त्यात अडवायचे, मी मोटारसायकलवर सातबारा खिशात घालून फिरत होतो. एका शिपायाने सातबारा उलटा धरून वाचला आणि सोडलं.

उरलेला एक टेम्पो पुण्याला नेला, सोसायट्यांच्या गेटवर. वरून बायका दोरीने पिशव्या सोडायच्या. पैसे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. ओल्या नोटा मी येताना डॅशबोर्डवर वाळत घातल्या. त्या दिवशी तेवढंच वाळलं नीट.

(कोथरूडला आला असाल तर ती दोरी माझी असू शकते. दोन किलो सोनाका, बरोबर?)

बीड जिल्हा

वर सगळे घरात बसल्याचं लिहितायत म्हणून लिहितो. माझे आईवडील तेव्हा कोल्हापूरकडे ऊसतोडीला होते. कारखाना चालू, म्हणजे तोड चालू. टीव्हीवर घरात बसा सांगत होते आणि आई पहाटे तीनला फडात. कोपीच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीच्या, बाजूच्या गावानं दुकानात यायला बंदी केली. पिठाची गिरणी गावात. मुकादम म्हणायचा, पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय, जायचं नाही, आगाऊ घेतलेली उचल फिटायचीय. पट्टा पडला, तर जिल्ह्याच्या हद्दी बंद. आणि तोड थांबली की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पण बंद, मग बैलांना घालायचं काय? बैलांच्या तोंडचं वडील फोनवर सांगायचे, स्वतःच्या तोंडचं नाही.

मी घरी आजी आणि बहिणीजवळ. माझ्या हातानं काय केलं? रोज रात्री आठला फोन चार्ज करून बसायचो. वडलांच्या फोनला चार्जिंग ट्रॅक्टरवाल्याकडं मिळायचं, तेव्हा फोन यायचा.

१७ एप्रिलला सरकारनं सोडायचं ठरवलं. तपासण्या, याद्या, मग गाड्या. आल्यावरही गावात घेतलं नाही, शेतात राहिले. मी बांधावर भाकरी ठेवायचो आणि मागं सरकायचो. आईनं पहिल्या दिवशी भाकरी घेतली नाही, आधी माझ्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, दाढी आली की रे तुला. वडलांनी कोयते पोत्यात गुंडाळून बाभळीला अडकवले होते.