‘विधायक व्यतिकरण’ला दुसरा शब्द आहे काय?

चौकस : मुलांसाठीच्या विज्ञानपुस्तिकेचा अनुवाद करताना अडलो आहे. एकच स्वर देणारे दोन स्पीकर शेजारी ठेवले असता काही जागी आवाज मोठा ऐकू येतो, त्या ‘कन्स्ट्रक्टिव्ह इंटरफिअरन्स’ला मी ‘विधायक व्यतिकरण’ म्हटले. ‘विधायक’ म्हटले की श्रमदान आठवते आणि ‘व्यतिकरण’ व्यत्ययासारखे वाटते, अशी संपादकांची हरकत असून त्यांनी ‘ध्वनिवृद्धी’ सुचवले आहे.

पदार्थज्ञ : वृद्धी सगळीकडे होत नाही, म्हणून तो शब्द दिशाभूल करील. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरल्यास ६८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६८० कंपनांच्या, स्वराची तरंगलांबी (हवेच्या एका संपीडनापासून, म्हणजे दाट पट्ट्यापासून, पुढच्यापर्यंतचे अंतर) ५० सेंटिमीटर येते. दोन्ही स्पीकरपासूनच्या अंतरांतील फरक शून्य, ५० किंवा १०० सेंटिमीटर असेल तेथे संपीडनावर संपीडन येऊन आयाम (कंपनाचा विस्तार) दुप्पट आणि तीव्रता चौपट होते. फरक २५ सेंटिमीटर असेल तेथे आवाज जवळजवळ बुडतो. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, तिची वाटणी तेवढी बदलते.

जुनी पोथी : व्यत्ययाशी नाते जोडणे अन्यायाचे आहे. ‘व्यतिकर’ म्हणजे सरमिसळ. मेघदूतात इंद्रधनुष्याला रत्नांच्या प्रभांच्या व्यतिकराची उपमा दिली आहे. उलट अडथळ्याची छटा आहे ती ‘इंटरफिअरन्स’ या इंग्रजी शब्दात.

गावरान : मुलांना मेघदूताआधी मांडवातले स्पीकर भेटतात. ‘जोडलाट’ आणि ‘मोडलाट’ म्हणा, समजावून सांगावे लागणार नाही.

जुनी पोथी : ‘मोडलाट’ वाचून मुले किनाऱ्यावर जातील! शिवाय येथे लाट मोडत नाही. पलीकडे ती पूर्ववत पुढे जाते.

खर्ज : तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की आवाज डोलतो, तेव्हा आमचे गुरुजी ‘तारा भांडताहेत’ असे म्हणत. हेच ते व्यतिकरण ना?

पदार्थज्ञ : त्याला विस्पंद म्हणतात. २४० आणि २४२ हर्ट्झच्या तारा एकत्र वाजल्या, तर आवाज सेकंदाला दोनदा चढतो आणि उतरतो. स्पीकरच्या उदाहरणात चढउतार जागेनुसार होतो, येथे तो काळानुसार होतो.

गावरान : मग तोही ‘डोल’च म्हणा की. ‘विस्पंद’ कोण बोलतो?

खर्ज : डोल हा तंबोऱ्याचा दोष नव्हे. तो पूर्ण नाहीसा करू गेल्यास नाद सपाट होतो, असे माझे मत आहे.

पदार्थज्ञ : तुम्ही म्हणता ती हालचाल पुष्कळदा जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला हलकेच स्पर्शून उठणाऱ्या झणकारामुळे, असते, तारा तंतोतंत जुळल्या तरी ती उरते.

खर्ज : जवारी वेगळी आणि डोल वेगळा, कानाला दोन्ही निराळे कळतात.

चौकस : पण स्पीकरचे काय करू?