मदत हवी आहे : बिब्बा उतला आहे, डाग कधी जाईल?

परळकर : शेजारच्या आजींच्या सांगण्यावरून आईने बिब्बा लावला आणि तो उतला. काळा डाग पडला असून फोड आले आहेत व कंड थांबत नाही. रविवारी घरी साखरपुडा आहे, त्यामुळे लवकर गुण येईल असा उपाय सांगावा. ‘डॉक्टरांकडे जा’ एवढेच लिहिण्यासाठी कृपया कोणी येऊ नये.

माहीमची माई : कुठे लावला, केव्हा लावला, तेल दिव्यावर तापवून सुईने काढले होते का, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. आम्ही भेगांत एक थेंब सोडून वर चुना लावतो. कधीही उतला नाही. उतलाच तर खोबरे चोळावे.

जुना वाचक : माई, आपल्याला सोसले म्हणून सर्वांना सोसेल असे नाही. बिब्ब्याच्या कवचातले तेल कातडी जाळतेच, शिवाय त्याची अ‍ॅलर्जीही होते आणि ती बहुधा एक-दोन दिवसांनी दिसते. फोडांतल्या पाण्याने पुरळ पसरत नाही. नखांत आणि कपड्यांवर राहिलेल्या तेलाने पसरते, म्हणून नखे कापून सगळे साबणाने धुवावे. धोबी कपड्यांवर खूण करत ती याच तेलाने, तेव्हा डाग घासून जाणार नाही. कातडी निघेल तसा तो फिका होईल.

दादरची सून : बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत मी गोडंबी घातली आहे. ते लाडू आता टाकून द्यावे लागतील का?

जुना वाचक : नाही. गोडंबी हा आतला गर आहे, दाहक तेल कवचात असते. मात्र घरी बिब्बे फोडत बसू नये.

काष्ठौषधी : वैद्यही भल्लातक, म्हणजे बिब्बा, विटेच्या चुऱ्यात घोळवून शुद्ध केल्याशिवाय पोटात देत नाहीत. औषध नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत, म्हणजे ई(१) मध्ये, त्याचे नाव आहे. औषधाला दोष देऊ नये, ते कच्चे वापरणाऱ्याला द्यावा.

परळकर : टाचेच्या भेगेत, शुक्रवारी रात्री लावला. आईला मधुमेह आहे, हे लिहायचे राहिले. कालपासून पापण्या सुजल्या आहेत, पण तोंडाला तर तिने बिब्बा लावलाच नव्हता!

जुना वाचक : त्याच हाताने डोळे चोळले असतील. मधुमेह, टाचेची जखम आणि सुजलेल्या पापण्या असताना रविवारची वाट पाहू नका. आजच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने देऊ नका, साखर वाढते.

परळकर : निघतो आहोत. आजींनी दिलेले चार बिब्बे पुडीत उरले आहेत, ते शेगडीत टाकू का?

माहीमची माई : मुळीच नको. त्याचा धूरसुद्धा उततो.