आत्मा भटकत नाही, भटकतं ते दुसरंच काहीतरी. पटतंय का?

नौपाडाकर
विषय जरा टोकाचा आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकतो. माझं म्हणणं सरळ आहे, आत्मा कुठे अडकत नाही, भटकत नाही, कोणाच्या अंगात शिरत नाही आणि त्याला शांतीबिंतीही लागत नाही. हे सगळं ज्याला होतं ते वेगळं काहीतरी आहे आणि आपण पिढ्यानपिढ्या त्यालाच आत्मा म्हणून हाका मारतोय.

परवा नात्यातल्या एका काकांच्या दहाव्याला गेलो होतो. पिंड मांडलेले, वर काळे तीळ, बाजूला पानावर भात, वडे, काकांना आवडायची म्हणून जिलेबी आणि (खरं सांगतोय) तंबाखूची पुडी, चुन्याच्या डबीसकट. कावळे समोरच्या झाडावर नुसते बसून. मग सुरू झालं, धाकट्याने हात जोडून सांगितलं आईला मी सांभाळीन, मोठा म्हणाला गावची जागा विकणार नाही, सुनेने नातवाच्या मुंजीचं कबूल केलं, तरी एक कावळा खाली येईना. गुरुजी म्हणाले आत्मा कशाततरी अडकलाय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे पांगले.

आता याच घरात आदल्या दिवशी गीतेचा दुसरा अध्याय वाचला होता. त्यात 20 व्या श्लोकात आहे की हा जन्मत नाही, मरत नाही. 24 व्यात तर नित्य, सर्वगत, अचल म्हटलंय. जो सगळीकडे आहे आणि हलतच नाही तो झाडावर अडकेल कसा, आणि गावच्या जागेचं टेन्शन त्याला कशाला?

भुताचं उलट आहे. मुंज झाली पण सोडमुंजीआधी (म्हणजे ब्रह्मचर्य संपायच्या विधीआधी) गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती अलवंतीण, पाण्यात बुडाला तो गिऱ्हा, ब्राह्मण असेल तर ब्रह्मसमंध. म्हणजे भुताला वय आहे, जात आहे, बाई की पुरुष ते आहे, राहिलेली इच्छा आहे, पत्ता पण आहे (बहुतेक वेळा पिंपळ किंवा विहीर). भूत म्हणजे त्या माणसाचा अख्खा बायोडेटा. आत्म्याला बायोडेटाच नाही. मग दोन्ही एक कसे?

कोपरीची काकू
लेखन चांगलंय पण एक विचारू का, असा आत्मा घेऊन करायचं काय? माझी आई गेली तेव्हा मला अविकारी सर्वगत चैतन्य नको होतं, मला माझी आई हवी होती, तिच्या त्या भाजी निवडताना पुटपुटायच्या सवयीसकट. तुमच्या हिशेबाने ते पुटपुटणं आत्म्यात नाही, आवाज नाही, माझी आठवण पण नाही. मग तो आत्मा माझ्या आईचा होता हे तरी कशावरून म्हणायचं? शेजारच्या बाईंचा पण तोच असेल.

आणि दुसरं, तुम्ही दुसऱ्या अध्यायातच थांबलात. पंधरावा वाचा. आठव्या श्लोकात आहे, वारा जसा फुलांचा वास घेऊन जातो तसा शरीर सोडताना तो मन आणि इंद्रियं बरोबर घेऊन जातो. म्हणजे जाणारं कोणीतरी आहे, आणि रिकाम्या हाताने जात नाहीये. मन गेलं की इच्छा गेली, मग दहाव्याला तिला विचारलं काय हवंय तर चुकलं कुठे?

डबल शिफ्ट
दोघांचं भांडण चालू दे पण आधी आत्मा नावाची वस्तू आहे हे कोणी दाखवलंय का? आणि प्लीज कोणी ते 'आत्म्याचं वजन 21 ग्रॅम'वालं फॉरवर्ड टाकू नका, आमच्या ऐरोलीच्या ऑफिसच्या ग्रुपवर दर पितृपक्षात येतं. 1907 साली अमेरिकेत मॅकडुगल नावाच्या डॉक्टरने ते छापलं. मरणाच्या दारातले सहा पेशंट खाटेसकट वजनकाट्यावर ठेवले, त्यातल्या दोघांचे आकडे त्यानेच बाद केले, आणि 21 ग्रॅम हा आकडा फक्त एका माणसाचा आहे. बाकीच्यांचं गणित एकमेकांशी जुळत नाही. नंतर 15 कुत्रे मारून तोलले, वजन कमी झालं नाही, तर म्हणे कुत्र्याला आत्मा नसतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका डॉक्टरने सांगितलं की श्वास थांबल्यावर अंग थोडं तापतं, घाम सुटतो, वजन त्यानेही कमी होईल. शंभर वर्षं झाली, लोक घाम फॉरवर्ड करतायत.

नौपाडाकर
@डबल शिफ्ट हाहा. पण बघा, तुमचा मॅकडुगल पण माझ्याच बाजूने साक्ष देतोय. वजन असेल तर ती वस्तू झाली, आणि उपनिषदातला आत्मा वस्तू नाहीच, सगळ्या वस्तू ज्याला दिसतात तो आहे. काट्यावर तो सापडला असता तर मीच म्हटलं असतं हा आत्मा नाही.

@काकू पंधराव्या अध्यायाचं बरोबर पकडलंत, मी तिकडेच येणार होतो. वेदान्तात यालाच सूक्ष्मशरीर किंवा लिंगदेह म्हणतात, त्याचे 17 भाग मोजलेत, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी. जन्म बदलतं ते हे. भुकेलं राहतं, रागावतं, जागेत जीव अडकतो ते पण हेच. तुम्हाला आई हवी म्हणजे तुम्हाला हा लिंगदेह हवा, त्यात मला काही चूक वाटत नाही. फक्त त्याला आत्मा म्हणू नका, कारण मग गीता खोटी पडते नाहीतर कावळा.

कोपरीची काकू
वास वेगळा आणि वारा वेगळा हे कळलं हो. पण वास नसेल तर वारा कुणाला कळतो?

घणसोलीचा आगरी
मस्त धागा. आमच्याकडे गावठाणात अजून भगत (भूतबाधा बघणारा) आहे, तो कधी आत्मा हा शब्दच काढत नाय. तो बोलतो हे लागलंय, ते धरलंय, अमक्या वळणावर नारळ ठेवा. आत्मा ही सगळी टीव्ही सिरीयलवाल्यांची भाषा, गावात भूत म्हणजे भूत. नौपाडाकरांचं तिथपर्यंत मला पटतं.

बाकी माझी शंका वेगळीच. खाडीत गिऱ्हा असतो, माणसाला पाण्यात ओढतो असं आजी सांगायची, भरतीच्या वेळी खाडीवर जाऊ द्यायची नाय. मग 1970 नंतर सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) आली, जमिनी गेल्या, खाजणं (खाडीकाठची खारजमीन) भरली, टॉवर उभे राहिले. आता तो गिऱ्हा कुठे राहतो? जमीन गेलेल्यांच्या साडेबारा टक्के योजनेत त्याला भूखंड मिळाला का? प्रकल्पग्रस्तांची वारसनोंद करताना त्याचं नाव कोणी घातलं असेल असं वाटत नाय 😂

डबल शिफ्ट
ही खरी टेस्ट आहे. खाजण भरल्यावर गिऱ्हा गायब होतो म्हणजे तो खाडीच्या भीतीतून आला होता, खाडीतून नाही. भूत हे त्या जागेचं आणि तिथल्या समाजाचं असतं. मुंजा फक्त मुंज होणाऱ्या जातीतच का होतो याचा कधी विचार केलाय? ज्या घरात मुंजच नाही तिथला पोरगा मेला तर तो काय होतो?

कळव्याचा प्रवासी
या प्रश्नावर लिहायलाच हवं. आमच्या घरात दहावं, कावळा, पिंड काहीच नाही, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या त्यात श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही ही स्पष्ट आहे. आजोबा गेले तेव्हा वंदना झाली, लोक बोलले, संपलं, आणि कोणीही येऊन आम्हाला धरलं नाही.

मूळ मुद्दा म्हणजे तुम्ही आत्मा आणि भूत यात फरक करताय, बुद्ध म्हणतो दोन्हींच्या मुळाशी 'मी टिकलो पाहिजे' ही एकच ओढ आहे. ग्रीक राजा मिलिंदाला नागसेन या बौद्ध भिक्खूने विचारलं होतं, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? यातलं काहीच नाही, आणि हे सगळं काढून टाकल्यावर मागे उरणारी वेगळी वस्तू पण रथ नाही. नौपाडाकरांनी 17 भाग मोजले, छान. पण ते 17 बाजूला काढल्यावर अठरावा कुठे आहे ते दाखवा.

नौपाडाकर
अठरावा दाखवता येणार नाही कारण दाखवणारा तोच आहे. पण मग तुम्ही सांगा, आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा?

कळव्याचा प्रवासी
आत्म्याचा नाहीच. बाबासाहेबांनी तो प्रश्न टाळलेला नाही, पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा असे दोन प्रश्न वेगळे केले. शरीर ज्या द्रव्यांचं बनलंय ती निसर्गात परत मिसळतात आणि पुन्हा घडतात, तेवढं मान्य. पण तोच माणूस, तोच आत्मा घेऊन परत येतो, हे मान्य नाही. आणि याचा फायदा व्यवहारात आहे, तू गेल्या जन्मी पाप केलंस म्हणून या जातीत आलास हे कोणी तुमच्या तोंडावर बोलू शकत नाही. तुमचा शुद्ध निर्लेप आत्मा पुस्तकात फार छान दिसतो हो, पण तो सगळ्यात सारखाच आहे म्हणणाऱ्यांनीच पाणवठे वेगळे ठेवले होते.

तलावपाळीचा ईस्ट इंडियन
आमची ख्रिस्ती बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून. मराठी बायबलमध्ये थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात (5:23) तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आत्मा, जीव आणि शरीर. आमच्याकडे इच्छा, राग, रडणं, प्रेम हे जिवाचं खातं आणि देवाशी जोडणारा तो आत्मा, त्यामुळेच पवित्र आत्मा म्हणतात, पवित्र जीव कोणी म्हणत नाही. त्यामुळे काकूंना जे हवंय त्याला आम्ही जीव म्हणू. एवढी चिरफाड सगळेच करत नाहीत, चर्चमधले बरेच जण जीव आणि आत्मा एकच धरतात, तो वाद जुना आहे.

पण मोठा फरक असा की आमचा आत्मा अनादि नाही. देवाने फुंकर घातली तेव्हा माणूस जिवंत झाला, म्हणजे तो दिलेला आहे, देव आणि तो एक नाही. आणि भटकत तर नाहीच. 2 नोव्हेंबरला आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो, प्रार्थना करतो, पण अर्ज देवाकडे, मेलेल्याकडे नाही. मेलेल्यांना विचारणं बायबलमध्ये मना आहे.

ड्युटीवरची
मी नर्सिंगमध्ये आहे, जास्त तत्त्वज्ञान कळत नाही. पण हा फरक मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणाने. आमच्याकडे वॉर्डात मुली येतात, हाताला दोरीचे वळ, डोळे लाल, कारण घरच्यांनी आधी कोणाकडे तरी नेऊन मिरचीची धुरी दिलेली असते. विचारलं की सांगतात अंगात आत्मा शिरलाय. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी हे नाव घेऊन लिहिलंय, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. तरी लोक नेतात. नौपाडाकर, तुम्ही म्हणता आत्मा शिरत नाही, भूत शिरतं. माझ्या पेशंटला त्याने काय फरक पडला?

घणसोलीचा आगरी
ताई आमचा भगत मारत नाय, लिंबू आणि अंगारा देऊन पाठवतो. सगळ्यांना एकाच माळेत नका ओवू.

ड्युटीवरची
मारत नसेल तर चांगलंच आहे दादा. पण त्या लिंबात दोन महिने जातात आणि तेवढ्या वेळात आजार वाढतो. फिट येणारी मुलगी लिंबाने बरी होत नाही.

नौपाडाकर
@ड्युटीवरची भूत शिरतं असं मी म्हटलेलं नाही, भूत म्हणतात त्या कल्पनेत काय काय असतं ते सांगितलं. तरी तुमचा प्रश्न टाळत नाही. फरक पडतो तो असा की गीतेवर हात ठेवून कोणी बाबा 'हिच्यात आत्मा आलाय' म्हणाला तर त्याला त्याच्याच पुस्तकातून गप्प करता येतं. दुसरा अध्याय उघडायचा आणि विचारायचं, जो सगळीकडे आधीच आहे तो हिच्यातच नवीन कसा आला? कायद्याचं कलम ऐकून माझ्या नात्यातली म्हातारी माणसं हलत नाहीत, श्लोकाला हलतात. हा अनुभव आहे.

डबल शिफ्ट
आणि बाबाने पंधरावा अध्याय उघडला तर? काकूंनी दोन मिनिटांत उघडला, बाबा तर त्यावरच पोट भरतो.

कोपरीची काकू
मला बाबांच्या लाइनीत नको बसवूस. मी आईसाठी पान वाढते, कोणाला धुरी देत नाही. आणि नौपाडाकर, वाऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही, मी वाट बघतेय.