प्रतिसाद: हिराकस टाकली की क्रोमियम संपलं?

वर एकांनी लिहिलंय, की तमिळनाडूतल्या राणीपेटच्या मातीतल्या क्रोमियमवर उपाय सोपा आहे, हिराकस (फेरस सल्फेट) मिसळा आणि मोकळे व्हा. रसायनशास्त्र बरोबर आहे, माती मात्र इतकी सरळ नाही.

माती परीक्षणाच्या लॅबमध्ये सेंद्रिय कर्ब काढताना हीच अभिक्रिया रोज दिसते. ब्युरेटमधून फेरस थेंब थेंब पडतं, फ्लास्कमधला रंग गढूळ निळा होतो आणि एका थेंबाला झटकन हिरवा. क्रोमियम-६ चं क्रोमियम-३ झालं! विद्राव्य, विषारी रूप जाऊन न हलणारं रूप आलं. हिशेबाने एक किलो क्रोमियम-६ ला साधारण १६ किलो हिराकस लागते.

पण फ्लास्कमध्ये आम्ल असतं. राणीपेटला १९९० च्या दशकात बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्यामागे लाखाहून जास्त टन कचरा पडून राहिला. असा कचरा चुन्यामुळे जबर अल्कधर्मी, सामू (pH) ११-१२ पर्यंत. तिथे हिराकशीतलं लोह क्रोमियमपर्यंत पोचण्याआधीच हायड्रॉक्साइड होऊन बसतं. शिवाय कचऱ्याच्या खड्यांच्या पोटातलं क्रोमियम महिन्यांनी हळूहळू पाझरतं, आणि तोवर बिल निघालेलं असतं! वर हिराकशीतल्या सल्फेटमुळे एट्रिंगाइट हे फुगणारं खनिज तयार होऊन जमीन फुगते ती वेगळीच. अशा ठिकाणी कॅल्शियम पॉलिसल्फाइड हे गंधकाचं रसायन बरं, अल्कधर्मी मातीतही ते काम करतं. सडक्या अंड्यांचा वास सहन करायची तयारी हवी, एवढंच.

तेव्हा सफाईच्या निविदेत 'किती टन रसायन' यापेक्षा 'सहा महिन्यांनी पुन्हा पाझर चाचणी' (क्रोमियम अजून पाण्यात उतरतंय का, ते बघणं) ही अट आहे का, ते आधी बघा.