सुपरवायझर होणाऱ्याला समाजशास्त्राचा पेपर सक्तीचा हवा का?

आडवाट
बऱ्याच कॉलेजांत सुपरवायझरच्या अभ्यासक्रमात तीन पेपर शेजारी शेजारी असतात: समाजशास्त्राची तोंडओळख, भाषण-संभाषण आणि प्रत्यक्ष पर्यवेक्षण. पहिल्या पेपरकडे सगळे क्रेडिट भरण्यापुरतं बघतात, आणि तो ऐच्छिक करा अशी मागणीही असते. माझं मत नेमकं उलटं आहे. तोच आधी शिकवा.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. कामावर काय परिणाम होतो हे बघायला प्रकाश वाढवला-कमी केला, ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते. शेवटचा टप्पा फार कमी जण नीट वाचतात. टेलिफोनचे स्विच जोडणाऱ्या १४ कामगारांना एका खोलीत बसवून त्यांचं नुसतं निरीक्षण केलं. गटाचं उत्पादन वाढलं तर सगळ्यांचा पगार वाढणार होता. तरीही दिवसाला किती काम करायचं हे त्यांनी आपसांत ठरवून टाकलेलं. जो जास्त करील त्याला टोमणे आणि दंडावर गुद्दा. फार कमी करणाराही नावडता. त्यांच्यावरचा गटप्रमुख बऱ्याच नियमभंगांकडे काणाडोळा करायचा, कारण त्यालाही त्यांच्यातच राहायचं होतं. पर्यवेक्षणाच्या पुस्तकातलं 'प्रोत्साहन' हे प्रकरण इथे संपूर्ण आडवं पडतं. गट दिसायला शिकल्याशिवाय सुपरवायझरला काय कळणार?

सकाळपाळी
असहमत. गट दिसायला शॉपफ्लोरवर सहा महिने पुरतात, त्याला सेमिस्टर लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालवला. काम कसं शिकवायचं, माणसांशी कसं वागायचं, पद्धत कशी सुधारायची, प्रत्येक भागाला १० तास. कामाचे टप्पे पाडा, सांगा, दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. शिकणाऱ्याला आलं नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही, हे त्यांचं सूत्र. दहा लाखांहून जास्त लोक यातून तयार झाले. समाजशास्त्रज्ञ डर्खाइम कोणालाही वाचावा लागला नाही. दिवसा नोकरी करून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्याचा वेळ मोलाचा आहे, त्याला कामाचं द्या.

आडवाट
त्याच कार्यक्रमाच्या कार्डावर लिहिलं होतं की माणसाला व्यक्ती म्हणून वागवा. चांगलंच आहे. पण एकेकट्याशी कितीही छान वागा, त्या १४ जणांचा ठराव तुम्हाला दिसणार नाही.

कानदेऊन
मी भाषण-संभाषण शिकवते. तुम्ही दोघांनी मधला पेपर सोडूनच दिला, आणि खरा घोळ तिथेच आहे. आमच्याकडे गुण पाच मिनिटांच्या भाषणाला मिळतात: सुरुवात, मुद्दे, शेवट, नजर. सुपरवायझर व्यासपीठावर किती वेळा जातो? त्याला हाताखालच्या माणसाचं अर्धवट, चाचरत आलेलं वाक्य ऐकायचं असतं.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाणाला निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते दुसरं विमान अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालंय. विषय संपला. असल्या अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात हाताखालच्यांनी कसं बोलावं आणि वरच्यांनी कसं ऐकावं याची भर पडली. १९७९ साली नासाने त्यावर कार्यशाळाच घेतली. इथे संभाषण कुठे संपतं आणि हुद्दा कुठे सुरू होतो, सांगा बरं? म्हणून हे तीन पेपर वेगवेगळ्या खोल्यांत शिकवणंच मला चुकीचं वाटतं.

सकाळपाळी
उदाहरण चांगलं, पण ते माझ्या बाजूचं आहे. कॉकपिटमधली सवय बदलली ती सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा सराव करून. सिद्धांताने नाही. तुमच्या वर्गात भाषणाऐवजी अशा सरावाला गुण द्या, मी पहिला पाठिंबा देईन.

उलटतपासणी
माझा आक्षेप आडवाट यांच्यावर आहे. समाजशास्त्र सुपरवायझरचं हत्यार म्हणून शिकवायचं, तर न शिकवलेलं बरं. हॉथॉर्नचे ते कामगार अडाणीपणाने काम रोखतात, असा सूर कितीतरी पाठ्यपुस्तकांत असतो. त्यांना भीती होती की जास्त माल काढला तर दर कापतील, नाहीतर माणसं कमी करतील. महामंदी चालू होती. १९३२ साली ते निरीक्षण थांबलं तेच मुळी कामगारकपातीमुळे. म्हणजे खोलीतले लोक परिस्थिती बरोबर ओळखून होते. गट कसा फोडायचा हे शिकवणारा पेपर मला नको. गट का बनतो, हे कामगाराच्या बाजूने विचारणारा हवा.

आडवाट
हे मान्य, आणि म्हणूनच सक्तीचा म्हणतोय. ऐच्छिक ठेवला तर तो नेमका तेच लोक घेतील ज्यांना हा प्रश्न आधीच पडलेला आहे. उद्या ज्याच्या सहीने कोणाची पाळी बदलणार किंवा ओव्हरटाइम कापला जाणार, तो या प्रश्नाला कधी सामोरा जाणार?

सकाळपाळी
मग अट एकच: त्या पेपरची परीक्षा लेखी नको. विद्यार्थ्याने जिथे काम करतो तिथलाच असा एखादा अलिखित नियम शोधून, तो कोणी आणि का पाळतो हे मांडावं. नावं न देता.