कॅलिफोर्नियात फॅमिली थेरपिस्ट व्हायचंय, पुण्याची एमए चालेल का?

रानफूल_फ्रीमाँट
मी पुण्यात मानसशास्त्रात एमए केलं आणि तिथेच एका समुपदेशन केंद्रात जोडप्यांबरोबर काम करायचे. आता एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणारा जोडीदाराचा व्हिसा) आहे, नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) मंजूर झाल्यामुळे ईएडी (कामाचा परवाना) हातात आलंय. गणपतीत भेटलेल्या दोघीतिघींनी तर लकडाच लावलाय, "घरूनच सुरू कर ना, मराठीत बोलणारं कुणीतरी हवंच आहे." असं करता येतं का? की पुन्हा पहिलीपासून शाळा?

तात्या_टेक्सासकर
ईएडी आहे ना, मग अडलंय कुठे? 'रिलेशनशिप कोच' अशी पाटी लावा नि करा सुरू.

साळुंकी
तात्या, नका हो असे सल्ले देऊ. पाटीवर काहीही लिहा, आत थेरपी चालली असेल तर कॅलिफोर्नियात लायसन्सशिवाय ते करणं हा फौजदारी गुन्हा आहे. आणि ज्यांचा मुक्कामच व्हिसावर आहे त्यांनी तर असल्या भानगडीत पडूच नये.

रानफूल, मी बे एरियातच असोसिएट आहे, म्हणजे लायसन्सच्या अलीकडची पायरी. सगळा कारभार बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेसकडे, म्हणजे बीबीएसकडे. परदेशी पदवीचं मूल्यांकन ते मागतात, पण खरी गोची पुढे आहे. पदवी ६० सेमिस्टर युनिटांची लागते, त्यात प्रॅक्टिकम (शिकतानाच देखरेखीखाली क्लायंट बघणं) आणि इथले कायदेही हवेत. आपली एमए यात सहसा बसत नाही. त्यामुळे स्पष्टच सांगते, मास्टर्स पुन्हा करायची मनाची तयारी ठेवा. पहिलीपासून नाही, पण दहावीपासून म्हणा!

मग असोसिएट म्हणून नोंदणी आणि देखरेखीखालच्या कामाचे ३,००० तास, किमान १०४ आठवड्यांत पसरलेले. त्यातले १,७५० प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि त्यांपैकी ५०० जोडपी, कुटुंबं किंवा मुलांबरोबरचे. क्लायंट आलाच नाही तर तो तास समुपदेशनात धरत नाहीत, तुम्ही खुर्चीत बसून वाट पाहिलीत तरी. दर आठवड्याला सुपरव्हिजन, आणि तासांच्या तक्त्यावर सुपरव्हायझरची सही. असोसिएटला स्वतःची प्रॅक्टिस थाटता येत नाही, कुणाकडे तरी पगारी नाहीतर स्वयंसेवक म्हणूनच काम करावं लागतं. परीक्षा दोन: लॉ अँड एथिक्स, आणि तास भरले की क्लिनिकल.

त्या लॉ अँड एथिक्सला हसू नका. पुण्यात एखादी आई म्हणाली, "ह्यांनी पोराला पट्ट्यानं मारलं, वळ उठलेत," तर आपण समजावून घरी पाठवतो. इथे मुलाचा छळ होत असल्याचा रास्त संशय आला की लगेच फोन करायचा आणि ३६ तासांत लेखी अहवाल द्यायचा. समोर मराठी बाई रडत "अहो, घरातलं घरात राहू द्या" म्हणत असते, तरीही. अख्ख्या अभ्यासक्रमात मला सगळ्यात जड हेच गेलं.

बोरकर_एफ१
एफ-१ वाल्यांनी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी, एक हिशेब आधीच करावा. या विषयाला सहसा १२ महिन्यांचंच ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची मुभा) मिळतं आणि तास १०४ आठवड्यांच्या आत पुरेच होत नाहीत. उरलेल्या काळाचं काय, ते प्रवेश घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

रानफूल_फ्रीमाँट
साळुंकीताई, खूप आभार. नवऱ्याची बदली ऑस्टिनला होईल असं चाललंय, तेव्हा सगळं मुसळ केरात का? आणि इथल्या बायकांना तिकडून ऑनलाइन बघता येईल?

साळुंकी
टेक्सासचं बोर्ड वेगळं, नियम वेगळे. तासांचे सही केलेले कागद जिवापाड जपा, तिथे अर्ज करताना तेच कामी येतात. ऑनलाइनचं म्हणाल तर सेशनच्या वेळी क्लायंट ज्या राज्यात बसलाय तिथली परवानगी लागते. कॉलेज निवडताना दोन्ही बोर्डांचे नियम समोर ठेवून अ‍ॅडमिशनवाल्यांना विचारा, आणि उत्तर ईमेलवरच घ्या. फोनवर सगळेच "येस, येस" म्हणतात.