आईच्या इन्सुलिनची 75 दिवसांची कार्ट्रिजं किती घ्यावीत?

प्रश्न (धाकटा लेक):
आई 1 एप्रिल ते 14 जून देवरुखजवळच्या घरी राहणार. आंबे, फणस संपवून पेरणी बघूनच परतणार, तिथे कोणाचं चालत नाही. म्हणजे 75 दिवस. इन्सुलिन 30/70 (लवकर आणि सावकाश काम करणाऱ्यांचं मिश्रण), चिठ्ठीवर 18-0-10, म्हणजे सकाळी 18 युनिट, दुपारी काही नाही, रात्री 10. पेनात 3 मिलीचं कार्ट्रिज, त्यात 300 युनिट. 28 गुणिले 75 म्हणजे 2100, भागिले 300, बरोबर 7. दुकानदारही 7च म्हणाला.

पण गेल्या मे महिन्यात 30 दिवसांना 3 नेली होती. 840 युनिट लागायची, 60 उरायला हवी होती. 28व्या दिवशी सकाळी पेनात डोसापुरतंही नव्हतं! भाऊ एसटीने रत्नागिरीला जाऊन घेऊन आला. गळतं का कुठे?

जुना केमिस्ट:
गळत नाही, आई नीट वापरतायत. टोचण्याआधी 2 युनिट हवेत सोडून सुईला थेंब येतो का बघायचं असतं. दोन वेळचे 4. म्हणजे रोजचे 28 नव्हे, 32.

आता 2400 भागिले 300 करून 8 म्हणाल, तर तेही चूक. 9 दिवसांत 288 जातात, उरतात 12. दहाव्या दिवशी सकाळी लागतात 18. दोनदा कोण टोचून घेणार? माणूस ते 12 टाकतो आणि नवीन लावतो. म्हणून एक कार्ट्रिज 9 दिवसांचं धरा. 75 दिवसांना 9, आणि एखादं फरशीवर फुटतंच, म्हणून 10. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून दिवस लिहून घ्या.

पुणेरी सून:
सासऱ्यांचं उलटं. रात्री फक्त 6, वर 2, म्हणजे एक कार्ट्रिज 37 दिवस चालावं. पण आमच्या खोक्यावर लिहिलंय, वापरायला काढल्यापासून 28 दिवसच. उरलेली 76 युनिट केरात टाकताना दर महिन्याला घरात वाद!

आणि गावात कार्ट्रिज नाही म्हणून कुणी बाटली आणली तर जपा. बाटली बहुतेक 40ची असते, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, कार्ट्रिज 100चं. लाल टोपीच्या 40च्या सिरिंजने कार्ट्रिजमधून 18च्या खुणेपर्यंत ओढलंत, तर 45 युनिट जातील.

धाकटा लेक:
बाप रे. आईला फोन केला. म्हणाली, "थेंब तर रोज उडवते. तो मोजायचं काम तुझं ना, तू इंजिनिअर." 10 कार्ट्रिजं आणि 150 सुया घेतो. तिकडे लाइट जाते, त्याचं काय?

जुना केमिस्ट:
न उघडलेली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात कधीच नाही. चालू पेन बाहेर, उन्हापासून लांब. लाइट फार वेळ गेली तर माठात थोडं पाणी, त्यात घट्ट झाकणाचा कोरडा डबा, डब्यात कार्ट्रिजं. माठ सावलीत.